कानांचा मित्र – अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

टेलिफोनचा शोध कोणी लावला असे विचारले, तर शाळेतील लहान मूलही अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव सांगेल. परंतु बेल यांचे नाव आणखी एका कारणासाठी जगभर रोज घेतले जाते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. लांबी मीटरमध्ये मोजतात, वजन किलोग्रॅममध्ये मोजतात, तसा आवाज डेसिबलमध्ये मोजतात. 'डेसिबल' या शब्दातील 'बल' म्हणजे ताकद नव्हे. ते बेल यांचेच नाव आहे.

ज्या माणसाने आवाज दूरवर पोहोचवला, त्याच्याच नावाने आज आवाज मोजला जातो. आणि हे मोजमाप कशासाठी? तर आपले कान सुरक्षित राहावेत यासाठी. बेल यांचे आयुष्य कानाशी किती जवळून जोडलेले होते हे समजले, म्हणजे हे नाव किती योग्य आहे ते आपोआप पटते.

अलेक्झांडर यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरात झाला. घरी सगळे त्याला अलेक म्हणत. त्याचे आजोबा शुद्ध उच्चार आणि वक्तृत्व शिकवत. वडील मेलव्हिल बेल यांचाही तोच व्यवसाय होता. वडिलांनी एक निराळी लिपी तयार केली होती. एखादा आवाज काढताना जीभ, ओठ आणि घसा यांची स्थिती कशी असते, हे त्या लिपीतील चिन्हांवरून कळत असे. ती चिन्हे पाहून अनोळखी भाषेतील शब्दही उच्चारता येत.

अलेकची आई एलायझा चित्रे काढत असे आणि पियानोही वाजवत असे. पण तिला फार कमी ऐकू येई. इतर लोक तिच्याशी बोलताना कानाला लावण्याच्या नळीत मोठ्याने बोलत. अलेकने मात्र वेगळा मार्ग शोधला. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू आणि स्पष्ट आवाजात बोले. त्याचे बोलणे आईला समजे. बोटांच्या खुणांनी अक्षरे दाखवण्याची पद्धतही तो शिकला. घरात चार माणसे गप्पा मारत बसली, की तो आईशेजारी बसून त्यांचे बोलणे तिला बोटांनी सांगत असे. ऐकू न येणारा माणूस भरल्या घरातही कसा एकटा पडतो, हे त्याने लहानपणीच पाहिले होते.

एकदा वडिलांनी अलेकला आणि त्याच्या थोरल्या भावाला बोलणारे यंत्र तयार करण्याचे आव्हान दिले. दोघा भावांनी रबर, लाकूड अशा वस्तूंपासून घसा, जीभ आणि ओठ तयार केले. यंत्रात हवा फुंकली की लहान मूल आईला हाक मारत आहे, असा आवाज निघे. तो इतका हुबेहूब होता, की शेजाऱ्यांना खरेच मूल रडत असल्यासारखे वाटले. आवाज म्हणजे काही जादू नाही. ती हवेची थरथर आहे, हे अलेकला या खेळातून उमगले.

पुढे या कुटुंबावर मोठे संकट आले. १८६७ मध्ये धाकटा भाऊ क्षयरोगाने मरण पावला. १८७० मध्ये त्याच रोगाने थोरला भाऊही गेला. अलेकची प्रकृतीही ठीक नव्हती. उरलेला एकुलता एक मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी देश सोडण्याचा निर्णय घेतला. १८७० मध्ये ते कॅनडातील ब्रॅंटफर्ड गावी जाऊन राहिले. तेथील मोकळ्या हवेत अलेकची प्रकृती सुधारली.

१८७१ मध्ये बेल अमेरिकेतील बॉस्टन शहरात कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागले. वडिलांची लिपी वापरून ते मुलांना ओठ आणि जीभ कशी हलवायची ते दाखवत. जे मूल कधी आवाजच ऐकत नव्हते, त्याला आवाज काढायला शिकवणे हे किती अवघड काम! बेल यांनी ते मोठ्या धीराने केले. पुढे शास्त्रज्ञ म्हणून कीर्ती मिळाली, तरी ते स्वतःला आधी कर्णबधिरांचे शिक्षकच मानत.

त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये मेबल हबर्ड नावाची मुलगी होती. पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीव्हर नावाचा ताप आला. ती वाचली, पण तिची श्रवणशक्ती कायमची गेली. मेबल अतिशय हुशार होती. समोरच्या माणसाचे ओठ पाहून ती त्याचे बोलणे समजून घेई. पुढे ११ जुलै १८७७ रोजी बेल आणि मेबल यांचा विवाह झाला.

दिवसा शिकवायचे आणि रात्री प्रयोग करायचे, असा बेल यांचा क्रम होता. १८७४ मध्ये त्यांनी एक आगळा प्रयोग केला. कानाच्या एका डॉक्टर मित्राने त्यांना मृत माणसाचा कान मिळवून दिला. आपल्या कानाच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याला कर्णपटल म्हणतात. पडद्यामागे तीन लहान हाडे असतात. बेल यांनी त्या हाडांना गवताची एक बारीक काडी जोडली. काडीचे टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवले. मग ते कानाजवळ तोंड नेऊन बोलू लागले. कर्णपटल थरथरला, हाडे हलली आणि काडीने काचेवर नागमोडी रेषा काढल्या.

त्या रेषा पाहून बेल विचारात पडले. इतका पातळ पडदा जर त्याच्यापेक्षा जड असलेली हाडे हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवू शकणार नाही? आणि लोखंड हलले, तर त्या हालचालीप्रमाणे तारेतील विजेचा प्रवाह कमीजास्त का होणार नाही? टेलिफोनची कल्पना अशी माणसाच्या कानातूनच निघाली.

टॉमस वॉटसन या कुशल सहकाऱ्याच्या मदतीने बेल यांनी अनेक महिने खटपट केली. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांच्या वतीने पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. नवल असे, की त्याच दिवशी एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकानेही तशाच कल्पनेविषयी आपली कागदपत्रे सादर केली. ७ मार्च १८७६ रोजी बेल यांना पेटंट मिळाले. तीन दिवसांनी, १० मार्च रोजी, बेल एका खोलीतून यंत्रात बोलले आणि दुसऱ्या खोलीत वॉटसनना त्यांचे शब्द तारेतून स्पष्ट ऐकू आले. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील मोठ्या प्रदर्शनात ब्राझीलच्या बादशहांनी हे यंत्र कानाला लावले आणि ते चकित झाले. पुढे या शोधावरून कोर्टात शेकडो दावे लढले गेले. पण बेल यांचे पेटंट टिकले.

सारे जग टेलिफोनवर बोलू लागले. परंतु बेल यांच्या आईला तो नीट ऐकता आला नाही, आणि पत्नीला तर कधीच नाही. जगाला दूरचा आवाज ऐकवणारा हा माणूस आपल्याच घरातील दोन जिवांना ऐकण्याचे सुख परत देऊ शकला नाही. गेलेली श्रवणशक्ती म्हणजे काय असते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

म्हणूनच १८७९ च्या सुमारास बेल यांनी श्रवणशक्ती मोजण्याचे एक यंत्र तयार केले. त्यात तारेची दोन वेटोळी होती. एका वेटोळ्यातून थांबून थांबून वीज सोडत. दुसऱ्या वेटोळ्याला टेलिफोनचा ऐकण्याचा भाग जोडलेला असे. वेटोळी जवळ असली की त्यातून आवाज मोठा येई. ती एकमेकांपासून दूर सरकवत नेली की आवाज बारीक होत जाई. तो कोठे ऐकू येईनासा झाला, ते पट्टीवर पाहून अंतर लिहून घेत. वॉशिंग्टन शहरातील शाळांमधील मुलांची अशी तपासणी त्यांनी केली. वर्गात लक्ष देत नाही म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलाला कदाचित नीट ऐकूच येत नसेल, हे अशा तपासणीशिवाय शिक्षकांना कसे कळणार? बहिरेपणाचा नुसता अंदाज करू नये, तो मोजावा, ही त्यांची दृष्टी होती.

१८८० मध्ये फ्रान्स सरकारने बेल यांना व्होल्टा पारितोषिक दिले. ५०,००० फ्रॅंक एवढी त्याची रक्कम होती. ती त्यांनी प्रयोगशाळेसाठी वापरली. तेथील कामातून मिळालेल्या पैशातून त्यांनी १८८७ मध्ये वॉशिंग्टन येथे कर्णबधिरांविषयी माहिती गोळा करणारी संस्था स्थापन केली. दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या हेलन केलरला घेऊन तिचे वडील १८८६ मध्ये बेल यांच्याकडे आले. बेल यांनीच त्यांना योग्य संस्थेचा पत्ता सांगितला. त्यामुळे पुढच्या वर्षी हेलनला ॲन सलिव्हन यांच्यासारख्या शिक्षिका लाभल्या. हेलनने १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेले आपले आत्मचरित्र बेल यांनाच अर्पण केले.

मात्र बेल यांची सगळीच मते काळाच्या कसोटीला उतरली नाहीत. कर्णबधिर मुलांनी खुणांची भाषा सोडून तोंडानेच बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. दोन कर्णबधिर व्यक्तींनी परस्परांशी विवाह करणेही त्यांना पसंत नव्हते. या मतांमुळे अनेक कर्णबधिरांची मने दुखावली. आज खुणांची भाषा ही एक परिपूर्ण भाषा मानली जाते. थोर माणसांचेही सर्वच विचार बरोबर असतात असे नाही, हे यावरून शिकावे.

बेल यांचे उत्तरायुष्य कॅनडातील बॅडेक या निसर्गरम्य गावी गेले. तेथे त्यांनी विमाने आणि पाण्यावरून वेगाने धावणाऱ्या बोटी यांचे प्रयोग केले. गंमत म्हणजे, आपल्या अभ्यासाच्या खोलीत त्यांनी टेलिफोन ठेवू दिला नाही. कामाच्या वेळी त्यांना शांतता हवी असे. २ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या दफनाच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते.

बेल यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी त्यांचे नाव एका मापाला मिळाले. लांबच्या तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो, हे टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांना मोजावे लागे. त्यासाठी त्यांनी एक नवे माप ठरवले होते. १९२८ मध्ये त्या मापाला 'डेसिबल' हे नाव दिले गेले. 'डेसि' म्हणजे दहावा भाग. एक बेल म्हणजे दहा डेसिबल.

हे माप साध्या पट्टीसारखे नाही. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज सुमारे ० डेसिबल धरतात. कुजबुज सुमारे ३० डेसिबल आणि नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. ८० डेसिबलपेक्षा ९० डेसिबलचा आवाज आपल्याला दुप्पटच वाटतो; पण कानावर पडणारी शक्ती दहापट असते. म्हणजे कान आपल्याला खरा हिशेब सांगत नाही. शिवाय मोठ्या आवाजाची त्याला सवय होते. काल मोठा वाटलेला आवाज आज बरा वाटतो, आणि हात पुन्हा बटणाकडे जातो.

यासाठीच ध्वनिमापक यंत्र उपयोगी पडते. त्याला साउंड लेव्हल मीटर असेही म्हणतात. हातात मावणाऱ्या या यंत्राच्या टोकाला मायक्रोफोन असतो. टेलिफोनप्रमाणेच त्यातही आवाजाच्या थरथरीचे विजेत रूपांतर होते. मग डेसिबलचा आकडा समोर दिसतो. या यंत्राला ना सवय लागते, ना गाणे आवडते. म्हणून ते खरे सांगते.

घरात टीव्ही, टेपरेकॉर्डर किंवा मोठे स्पीकर असतील, तर त्यांचा आवाज असा मोजावा. प्रथम यंत्र 'ए' या खुणेवर ठेवावे, कारण तेथे ते माणसाच्या कानाप्रमाणे मोजते. दुसरे बटण 'स्लो' वर ठेवावे, म्हणजे आकडा फार नाचत नाही. आपण जेथे बसून ऐकतो, तेथेच, कानाच्या उंचीवर, हात लांब करून यंत्र धरावे. स्पीकरला चिकटून किंवा भिंतीजवळ धरू नये. आधी शांत खोलीचा आकडा लिहावा. मग नेहमीच्या आवाजात गाणे लावून मिनिटभर आकडा पाहावा. असे तीनचार वेळा करावे. योग्य आवाज सापडला, की बटणाजवळ खूण करून ठेवावी.

योग्य म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कानाला लावून ऐकण्याच्या साधनांसाठी प्रमाण सांगितले. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल, असे ते आहे. स्पीकर ऐकतानाही तेच ध्यानात ठेवावे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करायचा. म्हणजे मुलांसाठी ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला ५ तास. ९० डेसिबलला तर आठवड्यात फक्त सव्वा तास उरतो!

मोबाइलवरही आवाज मोजण्याची सोय मिळते. परंतु तिचा आकडा अंदाजाचाच समजावा. हेडफोनचा आवाज यंत्र नुसते जवळ धरून नीट मोजता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत कृत्रिम कान वापरतात. म्हणून हेडफोनचा आवाज जास्तीत जास्त आवाजाच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी ठेवावा आणि मध्येमध्ये कानांना विश्रांती द्यावी. ऐकून झाल्यावर कानात गुणगुण होऊ लागली, तर आवाज जास्त झाला असे समजावे.

आवाज फक्त आपल्या घरात राहत नाही, हेही विसरू नये. आपल्या देशात २००० साली केलेल्या नियमांनुसार वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शेजारी आजारी माणूस असेल, परीक्षेचा अभ्यास करणारे मूल असेल, पाळण्यातले बाळ असेल. त्यांच्या शांततेवर त्यांचा हक्क आहे.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्राने मदत होते, पण पहिले कान परत मिळत नाहीत. मेबलचे कान तापाने नेले; त्यावर कोणाचाच इलाज नव्हता. आपले कान वाचवणे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे. आईच्या कपाळाशी हळू बोलणाऱ्या त्या मुलाचे नाव आज आवाजाच्या मापाला आहे. ते माप वापरावे, आवाज बेताचा ठेवावा आणि आईची हाक, मित्राचे बोलणे, पाखरांची किलबिल आयुष्यभर ऐकत राहावी.

शब्दार्थ

वक्तृत्व – भाषण करण्याची कला
कर्णबधिर – ज्याला ऐकू येत नाही असा
श्रवणशक्ती – ऐकण्याची शक्ती
हुबेहूब – अगदी खऱ्यासारखा
काजळी – धुरामुळे जमलेला काळा थर
वेटोळे – गोल गुंडाळी
क्षीण – कमजोर, बारीक
बेताचा – योग्य तेवढा, फार मोठा नाही असा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अलेक आईशी कसा बोलत असे?
(आ) बेल यांचे कुटुंब कॅनडाला का गेले?
(इ) 'डेसिबल' हे नाव कोणत्या वर्षी दिले गेले?

२. चारपाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बेल यांनी १८७४ मध्ये कोणता प्रयोग केला? त्यावरून त्यांना काय सुचले?
(आ) आवाज मोठा आहे की नाही हे कानाने का ठरवू नये?

३. कारणे द्या.
(अ) बेल यांच्या पत्नीला टेलिफोन कधीच ऐकता आला नाही.
(आ) ध्वनिमापक यंत्र 'ए' या खुणेवर ठेवतात.

४. वाक्यात उपयोग करा.
चकित होणे, कसोटीला उतरणे, बोलणी खाणे, मन दुखावणे.

५. उपक्रम : शिक्षकांच्या मदतीने वर्ग, मैदान आणि घर येथील आवाज मोजा. आकड्यांचा तक्ता करून वर्गात लावा.